पत्ती नाही तर मग काय उकळू? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की घरी पत्तीच्या चहाशिवाय दुसरं काय उकळून पिता अन् त्यात काय अडचण येते ते कळवा. बाप्पा, केवढी पत्रं आली! अर्धे लोक गवती चहावरच अडकलेले, काहींनी तर अख्खी यादी पाठवून "यातलं काय काय एकत्र टाकू" असं विचारलंय. सारखे प्रश्न एकत्र केले, नाव छापू नका म्हणणारे बरेच होते म्हणून सगळ्यांचीच नावं काढली अन् फक्त गाव ठेवलं. आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही अन् वैद्यही नाही, परसबाग अन् स्वयंपाकघर एवढाच माझा पसारा, त्यामुळे जिथं दुखण्याचा विषय येईल तिथं मी तुम्हाला दवाखान्यातच पाठवणार, रागावू नका.

ताई, आमच्या अंगणात गवती चहा भल्ला माजला आहे. पण घरी केला की वासच येत नाही, उलट कडवट लागते. माझी बहीण पुण्याले राहते, ती इथूनच पात घेऊन जाते अन् तिच्याकडं तोच चहा मस्त होते. आमचं काय चुकून राहिलं? (दर्यापूर)

दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे तुम्ही पात टाकून खळखळ उकळत असाल, अन् तेही झाकण न ठेवता. गवती चहाचा वास ज्या तेलामुळं असतो, त्यातलं मुख्य सिट्रल, ते वाफेसोबत उडून जातं. तुम्ही चहा ठेवला की घरभर घमघमाट सुटतो ना? तो कपात राहायला पाहिजे होता. कपात मग उरतो तो गवताचा नुसता कडवट अर्क.

असं करून पाहा. दोन कपांना चार-पाच लांब पाती घ्या, नीट धुऊन कात्रीनं बोटभर तुकडे करा, बुडाकडचा पांढरट दांडा असला तर तो बत्त्यानं थोडा ठेचा, कारण वास तिथंही चांगला असतो अन् लोक नेमका तोच भाग फेकतात. पाणी एका गंजात उकळू द्या, उकळलं की गॅस बंद, मग पात टाका अन् लगेच वरून ताटली झाका. पाच-सात मिनिटं हातच लावू नका. ताटली उचलाल तेव्हा तिच्या आतून थेंब गळत असतील, ते सिंकमध्ये झटकू नका, गंजात पडू द्या, त्यातच तर सगळं आलं. दुधाचा पाहिजे असेल तर पत्ती अन् दूध नेहमीसारखं उकळून घ्या अन् पात अगदी शेवटी टाकून झाका, दूध फाटत नाही.

हे फक्त गवती चहाचं नाही. पान अन् फूल असेल, म्हणजे तुळस, पुदिना, गवती चहा, गोकर्ण, तर गरम पाण्यात टाकून झाकून ठेवायचं, उकळायचं नाही. मूळ, साल किंवा कडक काही असेल, म्हणजे सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध, तर ते मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळल्याशिवाय पाण्यात उतरतच नाही. जुन्या वैद्यकात याला वेगवेगळी नावंच आहेत, झाकून ठेवलेला तो फांट, उकळून आटवलेला तो काढा, अन् थंड पाण्यात रात्रभर भिजवलेला तो हिम. आपण मात्र सगळंच काढ्यासारखं आटवतो. सुंठ अन् तुळस दोन्ही पाहिजे असेल तर आधी सुंठ उकळून घ्या, गॅस बंद करा, मग तुळस टाकून झाका. अन् मापाचं म्हणाल तर वाळलेली पात कपाला एक चमचा पुरते, ओली असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट.

आता दुसरी गोष्ट, पाणी. दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा, तुमच्या बोअरचं पाणी कसं आहे ते मी सांगायला नको. पुष्कळांना वाटतं उकळलं की पाणी चांगलं होतं. जंतू मरतात हे खरं, पण खारेपणा जात नाही, उलट पाणी आटतं तसा वाढतो. जड पाण्यात पत्तीच्या चहावर तो काळपट तवंग येतो बघा, साध्या चहात दूध-साखरेखाली तो खपून जातो पण बिनदुधाच्या नाजूक चहात लगेच जिभेला कळतो. तर बोअरचं पाणी बाजूला ठेवा अन् चहापुरतं नळयोजनेचं किंवा आरओच्या कॅनचं घ्या. बहिणीच्या हाताला गुण असेलही, पण अर्धा गुण तिच्या नळाला आहे. अन् यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवा की विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर तेही उकळून जात नाही, पाण्याचा तपासणी रिपोर्ट ग्रामपंचायतीत मागा, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आमच्या वावरात धुऱ्यावर (बांधावर) तुळस अन् गवती चहा दोन्ही आहे, बाजूले पऱ्हाटी. फवारणी झाल्यावर किती दिवसांनी तोडला तर चालते? (आर्णी)

चालत नाही. किती दिवस हा हिशेबच नको. औषधाच्या डब्यावर फवारणी अन् काढणी यात किती दिवस ठेवायचे ते छापलेलं असतं, पण ते त्या पिकाचं, म्हणजे कापसाचं किंवा सोयाबीनचं. तुळशीचं पान तोडून थेट गरम पाण्यात टाकून प्यायचं हे त्यात कोणी धरलेलंच नाही. वरून धुतलं तर वरचं जाईल, पण कपाशीवरची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, ती झाडाच्या रसातच शिरतात, ती नळाखाली धरून कशी जाणार? अन् हवा सुटली की पंपाचा फवारा धुऱ्यापर्यंत येतोच, ते काही तुमच्या हातात नाही.

२०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर जिवानिशी गेले, हे आर्णीच्या माणसाला मी काय सांगू. तेच औषध धुऱ्यावरच्या पानावर बसतं, एवढंच म्हणते.

ठोंब मात्र वाया घालवू नका. पावसाळ्यात धुऱ्यावरून एक ठोंब उपटा, त्याच्या तीन-चार काड्या मुळासकट वेगळ्या करा, वरची सगळी पात कापून फेका अन् घराजवळ नळाच्या ओट्याखाली लावा, जिथं पाणी निथळतं पण साबणाचं नाही. न्हाणीचं पाणी सोडू नका. नवीन फुटलेली पहिली एक-दोन कापणीही गुराला न घालता फेकून द्या, मग खुशाल वापरा. कापताना जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, बुडापासून खरडलं तर ठोंब सडतो, विशेषतः आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की. तुळशीचं वेगळं सांगायची गरज नाही, वृंदावनातली रविवारी अन् द्वादशीला तोडत नाहीत म्हणून ज्यांची अडचण होते त्यांनी चहासाठी एक झाड कुंडीत वेगळंच ठेवावं अन् मंजिऱ्या खुडत राहाव्या, पानं भरपूर येतात.

आलं टाकलं की दूध फाटते, गुळाचा केला तरी फाटते. (मूर्तिजापूर)

आलं आधी पाण्यात चांगलं उकळा, मग दूध. कच्च्या आल्यात दूध फाडणारा एक एन्झाइम असतो, उकळलं की तो मरतो. गुळाचं उलटं, चहा पूर्ण झाला, गॅस बंद केला, मग गूळ टाकून ढवळा. परत उकळी आणायची नाही. अन् गूळ पिवळाधम्मक चमकत असेल तर तो बदला.

सुनेला पाचवा महिना आहे. पत्तीचा चहा बंद करून तिला हर्बल चहा देऊन राहिली, अडुळसा, ज्येष्ठमध, आलं, तुळस, दालचिनी सगळं टाकते. आशाताईनं दिलेली लोहाची गोळी ती त्याच चहासोबत घेते. बरोबर आहे ना? (हिंगणघाट)

काकू, माया दिसते तुमची, पण यातलं बरंच आजपासून थांबवा.

आधी गोळी. चहातल्या तुरट घटकांमुळं लोह अंगी लागत नाही हे आशाताईनं सांगितलं असेलच, पण ते फक्त पत्तीच्या चहाचं नाही. पुदिन्यासारख्या नुसत्या पानाच्या चहानंसुद्धा लोह कमी शोषलं जातं असं तपासून पाहिलेलं आहे. हर्बल लिहिलं म्हणून सूट नाही. गोळीच्या आधी अन् नंतर एक-दोन तास कुठलाच चहा नको. गोळी लिंबू पिळलेल्या साध्या पाण्यासोबत द्या, त्यातल्या सी जीवनसत्त्वानं लोह उलट चांगलं लागतं. आपल्याकडं कितीतरी बाया गोळ्या महिनोन्‌महिने खातात अन् रक्त वाढत नाही म्हणून गोळ्यालाच नावं ठेवतात, एकदा त्या गोळी कशासोबत घेतात हे कोणी विचारावं.

आता काढा. अडुळसा गरोदरपणात अजिबात नाही, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. खोकला झाला तरी नाही, खोकला असेल तर उपकेंद्रात दाखवा. ज्येष्ठमधही नाही. ते गोड लागतं म्हणून लोक मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना सगळ्यांना देतात, पण त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळं रक्तदाब चढतो अन् अंगातलं पोटॅशियम कमी होतं, गरोदर बाईला हे दोन्ही नको आहे. म्हणूनच बीपीची गोळी सुरू असलेल्या तुमच्या घरातल्या कोणीही रोज ज्येष्ठमध घेऊ नये, तेही इथंच सांगून टाकते. दालचिनी, तुळस यांचा स्वयंपाकाएवढा वापर वेगळा अन् मूठभर टाकून आटवलेला काढा वेगळा, काढा नको. मळमळ होत असेल तर आल्याचा एक लहान तुकडा उकळलेलं पातळ पाणी तेवढं चालतं, तेही तिच्या तपासणीच्या तारखेला नर्सताईला विचारून.

अन् पुढचंही आत्ताच सांगते कारण बाळ झाल्यावर तुम्ही नक्की विचारणार. सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, बडीशेपेचं पाणी नाही, ओव्याचं नाही, काहीच नाही. मध तर वर्षभर बोटानंही चाटवू नका, त्यात लहान बाळाला घातक ठरणाऱ्या जंतूचे बीजाणू असू शकतात.

आमची संत्र्याची बाग आहे. सालं वाळवून चहात टाकता येतात का, एवढी सालं उकिरड्यावर जातात. (वरुड)

येतात, अन् वरुड-मोर्शी-काटोलवाल्यांनी हा प्रश्न इतक्या उशिरा विचारावा याचंच मला नवल. पण इथंही तीच गोष्ट, साल कुठली. सालीवरच फवारा बसतो, साल खाणार आहोत असं धरून कोणी बाग फवारत नाही. म्हणून घरासाठी दोन-चार झाडं वेगळी ठेवा, त्यांना फवारणी नाही, फळं थोडी डागाळतील, डागाळू द्या. पॅकिंग सेंटरवरून आलेलं फळ घेऊ नका, त्यावर चमक यायला मेण लावलेलं असतं. आंबिया बहाराची तोड ऑक्टोबर ते डिसेंबरात असते, तेव्हाचं कोरडं थंड हवामान साल वाळवायला एकदम झकास. मृग बहाराची तोड फेब्रुवारीनंतर, तेव्हा ऊन कडक होत जातं, साल सावलीतच ठेवा नाहीतर नुसती करपट होते.

आपल्या संत्र्याची साल ढिली असते, हातानं एका तुकड्यात निघते. आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडा, कडूपणा त्यातच असतो. कात्रीनं बारीक पट्ट्या करा, सुती कापडावर पसरा, वाकवली की टचकन मोडली पाहिजे, वाकत असेल तर अजून ओल आहे. कपाला तीन-चार पट्ट्या, सोबत सुंठेचा तुकडा किंवा एक लवंग, झाकून पाच मिनिटं. जास्त वेळ ठेवलं की कडू. दूध टाकायचं नाही.

ताई मी अकरावीत आहे, मोबाईलवर सगळे निळा चहा दाखवतात, आमच्या कुंपणावर गोकर्ण आहे, तो हाच का? अन् लाल चहा जास्वंदीचा असतो का? आई म्हणते काही पण पिऊ नको. (साकोली)

आई बरोबर बोलते पोरी, पण या वेळी तू पण बरोबर आहेस. निळा चहा गोकर्णाचाच. पाच-सहा फुलं घे, मागचा हिरवा भाग काढून टाक, गरम पाण्यात टाकून झाक, पाणी गडद निळं होतं. मग लिंबाचे दोन थेंब टाक अन् कप हलवू नकोस, नुसता बघ, जांभळी रेघ खाली उतरत जाते. फुलातला रंग आंबटपणानं बदलतो, तुझ्या केमिस्ट्रीच्या सरांना दाखव, लिटमसपेक्षा भारी दिसतं. चवीला मात्र काही दम नाही, खरं सांगते, गवती चहाची एखादी पात सोबत टाकली तर बरं लागतं. वजन कमी, केस लांब, डोकं तल्लख असं जे सांगतात त्याच्या मागं लागू नकोस. फक्त फूल घ्यायचं, बी अन् मूळ नाही, त्यानं जुलाब लागतात.

लाल चहाचं सांगते. बाहेर पाकिटात जो आंबट लाल चहा मिळतो तो देवाला वाहतो त्या जास्वंदीचा नसतो, तो लाल अंबाडीचा असतो. पाकळ्या गळून गेल्यावर बोंडाभोवती जे जाड लाल आवरण राहतं ना, ज्याची आपण चटणी करतो, शरबत करतो, भाकरीत घालतो, तेच वाळवून. इजिप्त अन् सुदानमध्ये त्याला करकदे म्हणतात अन् लग्नकार्यात पाजतात. आपल्याकडं तेच बाजारात वाट्यानं विकायला बसलेल्या म्हाताऱ्या बाईशी लोक घासाघीस करतात अन् शहरात त्याच्या डबीला शेकडो रुपये मोजतात, मला याचा फार राग येतो पण असो. दिवाळीनंतर लाल झालेली बोंडं आण, आतलं बियांचं बोंड काढून टाक, लाल आवरण वाळव. कपाला एक चमचा, झाकून सात-आठ मिनिटं, वर गूळ किंवा साखर. उन्हाळ्यात हेच थंड करून माठातल्या पाण्यात. फक्त जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, गंजात करू नकोस, आंबट भांडं खातं, स्टील किंवा काचेचं घे. घरात कोणाची बीपीची गोळी सुरू असेल तर त्यांना रोज पाजू नकोस, अंबाडीच्या चहानं बीपी थोडं उतरतं असं काही अभ्यासांत दिसलं आहे, गोळी अन् हे दोन्ही मिळून जास्त उतरायला नको. अन् उलट, हे पितो म्हणून गोळी बंद, असंही नको.

शुगरसाठी आमच्या गावात पुष्कळ लोक सदाफुलीची पानं-फुलं उकळून पितात. प्रमाण सांगा. (मेहकर)

प्रमाण नाही. पिऊ नका. गावातल्या त्या लोकांनाही हे पान वाचून दाखवा.

सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन अन् व्हिन्ब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं बनतात, म्हणजे झाड किती तीव्र आहे ते समजा. गंमत म्हणजे १९५० च्या दशकात कॅनडातले संशोधक नेमकी हीच समजूत तपासत होते, सदाफुलीनं शुगर उतरते का. शुगरवर खास काही दिसलं नाही, पण ज्या प्राण्यांना अर्क दिला त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धपाधप उतरल्या अन् ते आजारी पडायला लागले. त्यातूनच मग कॅन्सरच्या औषधाचा शोध लागला. तुम्ही तेच पाणी कपात ओतून पिताय, तेही डॉक्टर नाही, मोजमाप नाही, रक्ततपासणी नाही. शुगर असेल तर बिनसाखरेचा गवती चहा प्या, तेवढी साखर वाचली हाच फायदा, अन् गोळी वेळेवर.

कोरोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतो, घरात सगळेच घेतात. चालू ठेवू का? (चिमूर)

मी असते तर रोजचा बंद केला असता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, त्यांचं म्हणणं की तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. आता हा वाद मोठ्या लोकांचा, पण तुमच्या दृष्टीनं दोन्हीतून एकच निघतं. इजा गुळवेलीनं झाली असेल तरी धोका, अन् दुसऱ्याच वेलीनं झाली असेल तर मग जंगलातून कोणीतरी आणून दिलेली वेल तुम्ही ओळखणार कशी? ज्याला आधी कावीळ झालेली आहे, जो दारू घेतो, ज्याला संधिवातासारखा अंगातल्या प्रतिकारशक्तीचा आजार आहे, त्यानं तर हात लावू नये. भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले की काढा त्याच दिवशी बंद अन् डॉक्टरला काय काय पीत होतो ते स्पष्ट सांगा. लोक काढ्याचं सांगतच नाहीत, त्यांना वाटतं ते औषधात मोजत नाहीत.

ज्यांना वैद्यांनी एखाद्या दुखण्यासाठी ठराविक दिवस दिला असेल त्यांची गोष्ट वेगळी. पण सकाळी उठल्यावर काहीतरी गरम पाहिजे म्हणून गुळवेल, हे नको. गरमच पाहिजे ना, धणे-जिऱ्याचं पाणी करा.

ग्रीन टी हर्बलच असते ना? रात्री घेतली तर झोप लागत नाही. (पुसद)

नाही. ग्रीन टी चहाच्याच झाडाची, फक्त पत्ती काळी न करता वाळवलेली, कॅफिन त्यात असतंच. झोप उडणारच. रात्री गवती चहा किंवा बडीशेप घ्या, त्यात कॅफिन नसतं. पुदिना रात्री नको, ज्यांना छातीत जळजळतं त्यांना तो वाढवतो. अन् थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर ती उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, अन् चहा कुठलाही असो, अर्धा-एक तास थांबून.

उन्हाळ्यात गरम काही प्यावं वाटत नाही. मोहाची फुलं चहात टाकता येतात का तेही सांगा. (कुरखेडा)

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेल्यावर कोणालाच वाटत नाही. तेव्हा वर सांगितलेला हिम करा. वाळ्याची जुडी स्वच्छ धुऊन रात्री माठात टाका, सकाळी तेच पाणी प्या, दोन-तीन दिवसांनी जुडी काढून वाळवा अन् परत वापरा. कूलरच्या ताटीतला वाळा काढून माठात घालू नका हो, हसू नका, एका पत्रात तसं लिहून आलंय.

मोहाची फुलं चहात टाकता येतात. वाळलेली फुलं पाच-सहा घ्या, दोन-तीन पाण्यांतून धुवा कारण झाडाखालून वेचलेली असतात अन् माती-रेती चिकटलेली असते, मग सुंठेसोबत दहा मिनिटं उकळा, साखर लागतच नाही. वास उग्र असतो, सगळ्यांना आवडेल असं नाही. पुढच्या हंगामात झाडाखाली जुनी मच्छरदाणी नाहीतर साडी बांधा, फुलं जमिनीला लागणारच नाहीत. गोडवा मात्र साखरेचाच आहे, शुगरवाल्यांनी फसू नये.

आमच्या बचत गटाले गवती चहा, तुळस, सुंठ असं वाळवून पाकिटं विकायची आहेत. पाकिटावर 'हर्बल चहा' छापून घेणार होतो, कोणी म्हणते छापू नका. (सेलू, जि. वर्धा)

छापून घेतलं नसेल तर थांबा. डिसेंबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, सांगितलं की चहा हा शब्द फक्त चहाच्या झाडापासून बनलेल्या मालाला लावायचा, बाकी पाना-फुलांच्या मिश्रणाला हर्बल टी म्हणणं म्हणजे दिशाभूल. बोलायला आपण काही म्हणू, पण पाकिटावर 'गवती चहा' हे झाडाचं नाव घटकांच्या यादीत अन् वर मोठ्या अक्षरात दुसरं काही, असं करायचं का, ते जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात विचारून मगच प्रिंटरकडं जा. एफएसएसएआयची नोंदणी तर लागतेच, त्याचा नंबर पाकिटावर येतो. अन् "शुगर बरी होते", "बीपी जाते" असलं एक अक्षरही लिहू नका, त्यानं माल अन्नाचा राहत नाही, औषधाचा दावा होतो, अन् नोटीस आली तर गटाच्या अध्यक्ष बाईच्या नावानं येते.

मालाचं सांगते, खरी भानगड तिथंच होते. पावसाळ्यात वाळवायच्या फंदात पडू नका, बाहेरून कोरडी दिसते अन् पाकिटात आठ दिवसांत बुरशी धरते. पाऊस संपला, दसरा-दिवाळीच्या सुमारास कोरडी हवा सुटली की कापा, सकाळी दव उडाल्यावर. धुऊन, पाणी पूर्ण निथळून, मग तुकडे करून सावलीत पातळ थरात पसरा, वरून मच्छरदाणी. सिमेंटच्या ओट्यावर उन्हात टाकलेली पात पिवळी पडते अन् वास अर्धा जातो, गिऱ्हाईक पाकीट फोडून आधी वासच घेते. मुठीत चुरल्यावर कुरकुर आवाज आला की झाली. लगेच पाकिटात भरू नका, दोन-तीन दिवस काचेच्या बरणीत झाकून ठेवा, बरणीच्या आतून दमटपणा दिसला तर परत पसरा. तुळस, गवती चहा अन् सुंठ वेगवेगळं वाळवून भरायच्या वेळी मिसळा, तिघांचा वाळायचा वेळ एक नाही. अन् सुंठेची पूड टाकू नका, ती पाकिटाच्या तळाशी बसते, पहिला कप मिळमिळीत होतो अन् शेवटचा तिखट जाळ, जाडसर कुटलेले तुकडे टाका. पात कुठल्या ताईच्या अंगणातली, कधी कापली, हे प्रत्येक लॉटमागं वहीत लिहून ठेवा, अन् कोणी वावराच्या धुऱ्यावरून आणली असेल तर, कितीही वाईट वाटलं तरी, घेऊ नका.